टर्कीचे वागणे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परसात टर्की पाळणाऱ्या वाचकांची पत्रे साठत गेली आणि ती एकत्र वाचताना लक्षात आले की, खाद्य किंवा आजार यांपेक्षा या पक्ष्याच्या स्वभावाचे कोडेच बहुतेकांना अधिक छळते. म्हणून या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच राखून ठेवले आहे. पत्रे आवश्यक तेथे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्याकडे चार माद्या आणि एक नर आहे. नर पिल्लू असताना एकटाच आणला होता आणि मुलांनी त्याला हातावर वाढवले. तो कुत्र्यासारखा आमच्या मागेमागे फिरत असे. आता तो दहा महिन्यांचा आहे. मी आवारात शिरलो की तो पिसारा फुलवून समोर उभा राहतो आणि मी पाठ फिरवताच पायांवर झेप घेतो. माझी पत्नी दाणे घालायला गेली तर मात्र तो तिच्यापुढे नाचतो, हल्ला करत नाही. इतका माणसाळलेला पक्षी एकाएकी असा का झाला? त्याला धाक दाखवावा का?

उत्तर: आपण ज्याला माणसाळणे म्हणता, त्याच गोष्टीतून आजची अडचण निर्माण झाली आहे. अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टर्कीचे पिल्लू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांनाच ते स्वजातीय मानू लागते. वर्तनशास्त्रात याला ठसा उमटणे म्हणतात. आपल्या नराभोवती त्या दिवसांत दुसरे पिल्लू नव्हते, टर्कीची आई नव्हती, केवळ माणसे होती. लहानपणी या ओळखीचा अर्थ ‘यांच्यामागे चालावे’ एवढाच होता. सात-आठ महिन्यांनंतर, विशेषतः दिवस मोठे होऊ लागले की, नर वयात येतो आणि त्याच ओळखीला नवा अर्थ प्राप्त होतो: कळपातील इतर प्रौढांपैकी काही प्रतिस्पर्धी असतात आणि काही माद्या. आपण पहिल्या गटात गेलात आणि आपल्या पत्नी दुसऱ्या गटात. तो बिघडलेला नाही. त्याच्या हिशेबात तो टर्कीच्या कळपात टर्कीसारखाच वागत आहे.

पत्नीपुढे तो का नाचतो, याचा एक अंदाज बांधता येतो. मार्टिन शाइन आणि एडगर हेल या संशोधकांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात नर टर्कींपुढे पेंढा भरलेली मादी ठेवली आणि मग तिचा एकेक भाग काढून टाकत गेले. शेपटी गेली, पंख गेले, धडही गेले, तरी काठीवर बसवलेले नुसते डोके पाहूनही नर पिसारा फुलवून नाचतच राहिले. म्हणजे नराला उद्दीपित करायला अगदी थोड्या खुणा पुरतात. जिवंत मादी संमती देताना जमिनीला टेकून बसते. दाणे घालताना वाकणारी किंवा उकिडवी बसणारी व्यक्ती आणि ताठ उभी राहून सरळ चालून येणारी व्यक्ती यांच्यात नराला दिसणारा फरक, मला वाटते, आपल्या घरातील भेदभावाचे बरेचसे स्पष्टीकरण देतो. दोन दिवस कामे अदलून पाहावीत, म्हणजे माझा अंदाज कितपत खरा आहे तेही कळेल.

आता धाकाविषयी. मारू नये, लाथ घालू नये. हे केवळ दयेपोटी सांगत नाही. नराच्या दृष्टीने ठोसा म्हणजे झुंजीचे आव्हान स्वीकारल्याची खूण आहे, आणि टर्की कोंबड्याइतक्या लवकर माघार घेत नाही. पळून जाणे तर याहून वाईट, कारण मग तो जिंकलेला असतो आणि उद्या अधिक आत्मविश्वासाने येतो. उपयोगी पडते ती संथ, कंटाळवाणी ठामपणाची रीत. हातात रुंद फळी किंवा लांब दांड्याचा झाडू आडवा धरावा, त्याला न मारता त्याच्या छातीसमोर ठेवावा, आणि तो वळून चालू लागेपर्यंत सावकाश त्याच्या दिशेने चालत राहावे. तो वळला की तेथेच थांबावे. त्याच्याकडे पाठ करून वाकू नये. दाणापाण्याची कामे शक्य असल्यास सायंकाळी, पक्षी दांड्यावर बसल्यानंतर उरकावीत. लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय आवारात मुळीच पाठवू नये, कारण प्रौढ नराचे वजन जातीनुसार सात-आठ किलोंपासून वीस किलोंपर्यंत असते आणि त्याची चोच व नखे मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर सहज पोहोचतात.

पिसारा फुलवणे म्हणजे हल्ला, असा समज मात्र करून घेऊ नये. फुललेला पिसारा, जमिनीवर घासणारी पंखांची टोके आणि चोचीवरून खाली लोंबणारी लांब मांसल सोंड हे प्रदर्शन आहे. असा नर तासन्‌तास मिरवत राहील आणि कोणालाही इजा करणार नाही. सावध व्हावे ते पिसे अचानक अंगाला चापून बसली, मान लांब झाली, घशातून खडखडणारी सलग घरघर येऊ लागली आणि तो तिरक्या चालीने जवळ येऊ लागला म्हणजे. दिवस लहान होऊ लागले की हा आवेश पुष्कळ ओसरतो. तथापि लहानपणीचा ठसा पूर्णपणे पुसला जात नाही. पुढच्या हंगामात तो पुन्हा तसाच वागला तर त्याच्यासाठी जाळीचे स्वतंत्र आवार करणे हाच सरळ मार्ग आहे. यापुढे पिल्लू आणाल तेव्हा एकटे कधीही आणू नये. चार-पाच पिल्ले एकमेकांत वाढली तरीही ती आपल्या हातून दाणे खातील, पण आपल्याला टर्की समजणार नाहीत.

प्रश्न: आमच्या नराचे डोके सकाळी निळसर असते, दाणे टाकताना पांढरे पडते आणि भांडताना लालभडक होते. हा आजार तर नव्हे?

उत्तर: आजार नाही. टर्कीच्या डोक्यावर आणि मानेवर पिसे जवळजवळ नसतात आणि तेथील त्वचेत तंतुमय प्रथिनांच्या जुड्या व रक्तवाहिन्या शेजारीशेजारी असतात. पक्षी उत्तेजित झाला की रक्तवाहिन्या फुगतात किंवा आक्रसतात, त्यामुळे जुड्यांमधील अंतर बदलते आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंगही बदलतो. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी २०१४ साली याच तत्त्वावर हवेतील रसायनांची चाहूल लागताच रंग बदलणारा संवेदक तयार केला. बादशहा जहांगीराला १६१२ साली गोव्याहून आणलेला टर्की भेट मिळाला, तेव्हा त्यानेही हीच गोष्ट नेमकी टिपली होती: हे डोके क्षणात पोवळ्यासारखे लाल, क्षणात कापसासारखे पांढरे, तर कधी फिरोजी दिसते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सततच्या सहवासाने आपल्यालाही हे रंग वाचता येऊ लागतील. पक्षी शांत बसलेला असताना, आसपास काहीही घडत नसताना डोके दीर्घकाळ काळपट जांभळे राहिले तर मात्र पशुवैद्यांना दाखवावे.

प्रश्न: एकाच वेळी उबलेले आमचे दोन नर वर्षभर गुण्यागोविंदाने राहत होते. गेल्या आठवड्यात त्यांनी एकमेकांच्या माना चोचीत धरून जवळजवळ दोन तास झुंज घेतली. दोघांचीही डोकी रक्तबंबाळ झाली. आम्ही एकाला आठ दिवस वेगळे ठेवले आणि काल परत सोडले, तर झुंज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. आता काय करावे?

उत्तर: आपला हेतू चांगला होता, पण वेगळे ठेवण्यानेच दुसरी झुंज ओढवली. टर्कीच्या कळपात प्रत्येकाचे स्थान ठरलेले असते आणि ते एकदा ठरले की रोज भांडावे लागत नाही. रॉबर्ट वॉट्स आणि अ‍ॅलन स्टोक्स यांनी टेक्सासमधील रानटी टर्कींचा अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष १९७१ साली प्रसिद्ध झाले. त्यांना दिसले की, एका आईची नर पिल्ले पहिल्या हिवाळ्यात आपापसांत निकराने झुंजतात आणि त्या झुंजींतून ठरलेला क्रम पुढे बहुधा आयुष्यभर टिकतो. त्यानंतर हेच भाऊ एकत्र राहतात आणि इतर भावांच्या टोळ्यांशी एकजुटीने भांडतात. अ‍ॅलन क्राकाउर यांनी २००५ साली कॅलिफोर्नियातील रानटी टर्कींवर प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याची पुढची कडी आहे. दुय्यम भाऊ वरिष्ठ भावाच्या शेजारी उभा राहून माद्यांपुढे पिसारा फुलवतो, पण स्वतः त्याला संतती होत नाही. भावाची संतती वाढण्यातच त्याच्या रक्ताचा लाभ असतो. आपले दोन नर आज ज्या झटापटीत आहेत, तिच्या पलीकडे अशी व्यवस्था असू शकते.

मात्र त्या व्यवस्थेपर्यंत पोहोचायला झुंजीचा निकाल लागावा लागतो. आपण ती अर्ध्यात मोडलीत, आणि आठ दिवसांनी परतलेला पक्षी निम्मा परका झाला होता. टर्की एकमेकांना प्रामुख्याने डोक्यावरून ओळखतात. जखमांनी, खपल्यांनी किंवा औषधाच्या रंगाने डोके वेगळे दिसू लागले तर ओळखीचा पक्षीही त्यांना उपरा वाटू शकतो. म्हणून जखमी पक्ष्याला वेगळे काढणे भागच असेल तर त्याला जाळीच्या पलीकडे, पण सर्वांच्या नजरेसमोर ठेवावे. जखम धुऊन रक्ताचा मागमूस राहू देऊ नये, कारण रक्ताच्या लाल रंगाकडे कळपातील इतर सगळ्यांच्या चोची वळतात.

हस्तक्षेप केव्हा करावा, याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. हरणाऱ्याला पळायला जागा असेल, तर पुष्कळदा आपण फक्त पाहत राहावे. हरलेला टर्की मान लांब करून जमिनीला सपाट चिकटतो किंवा दूर निघून जातो, आणि जिंकलेला नर त्याच्याभोवती मिरवून, फार तर चार टोचे मारून थांबतो. तो थांबत नसेल, हरलेला कोपऱ्यात अडकला असेल, किंवा कळपातील बाकीचे पक्षीही त्याच्यावर तुटून पडले असतील, तर एक क्षणही वाट पाहू नये. आवार लहान असेल तर मध्ये दोन-तीन ठिकाणी गवताच्या पेंढ्या, आडवी फळी किंवा झुडपाच्या फांद्या उभ्या कराव्यात. नजरेआड होता येणे ही हरणाऱ्याची मोठी सोय असते. नवा पक्षी कळपात आणतानाही हेच सारे लागू पडते, फक्त त्याला आठ-दहा दिवस जाळीपलीकडे ठेवून मगच आत सोडावे, शक्यतो एकटा न सोडता जोडीने सोडावा, आणि तोही मोकळ्या, ऐसपैस जागेत सोडावा, कारण तेथे परक्याला अंतर राखता येते.

प्रश्न: कोंबड्या आणि टर्की एकत्र ठेवता येतात का? आमचा कोंबडा टर्की नराला सतत डिवचतो. टर्की प्रथम दुर्लक्ष करतो आणि मग एकदम तुटून पडतो.

उत्तर: स्वभावाच्या दृष्टीने पाहिले तर काही घरांत हे जमते, काही घरांत जमत नाही, आणि जमत नाही तेथे कारण बहुधा एकच असते: दोन्ही पक्ष्यांची भांडणाची भाषा वेगळी आहे. कोंबडा उडी मारून पायामागच्या काट्याने वार करतो, बाजूला सरतो, पुन्हा येतो. त्याची झुंज तुकड्यातुकड्यांची असते. टर्की कुस्तीगिरासारखा लढतो. तो छातीला छाती भिडवतो, प्रतिस्पर्ध्याची मान किंवा डोक्यावरची कातडी चोचीत पकडतो आणि रेटत नेतो. कोंबड्याला जी चकमक संपली असे वाटते, ती टर्कीच्या लेखी अद्याप सुरूच झालेली नसते.

शरणागतीच्या खुणाही जुळत नाहीत. ऑस्ट्रियन वर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी टर्की आणि मोर यांच्या झुंजीचे वर्णन केले आहे. हरलेला टर्की आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे मान पसरून जमिनीवर पडून राहतो. समोर टर्की असता तर तो तेथेच थांबला असता. मोराला मात्र ही खूण उमगत नाही, तो टोचत आणि लाथा मारत राहतो, आणि मार जितका वाढतो तितका टर्की अधिकच जमिनीला खिळतो. जी खूण त्याला स्वजातीयांपासून वाचवते, तीच परक्यापुढे त्याला जायबंदी करते. कोंबड्यापुढे पडून राहिलेला तरुण टर्की मी स्वतः पाहिला आहे. मालक म्हणत होते की तो आळशी आहे.

याशिवाय दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माद्यांची संख्या अपुरी असेल तर नर टर्की कोंबड्यांवर चढण्याचा प्रयत्न करतो, आणि त्याच्या वजनाखाली कोंबडी जखमी होऊ शकते, दगावूही शकते. दुसरी गोष्ट स्वभावाची नसली तरी ती टाळून या प्रश्नाचे उत्तर देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ब्लॅकहेड नावाच्या रोगाचा एकपेशीय जंतू कोंबड्यांच्या आंधळ्या आतड्यातील जंतांच्या अंड्यांतून पसरतो. गांडुळांच्या पोटातही ही अंडी टिकून राहतात. कोंबड्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही, टर्की मात्र मोठ्या प्रमाणावर मरतात. नेहमी चौकस असणारा टर्की पंख गाळून, मान आत ओढून एकटा उभा राहू लागला आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली, तर त्याला ‘उदास’ म्हणून सोडून न देता त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. ज्या जमिनीवर आजवर कोंबड्या हिंडत आल्या आहेत, तेथे टर्कीची पिल्ले न सोडणे उत्तम. आपला प्रश्न एकत्र ठेवता येतील का, असा आहे. माझे उत्तर, शेजारीशेजारी ठेवावेत, एकत्र नको.

प्रश्न: टर्कीची पिल्ले समोर दाणापाणी असूनही उपाशी मरतात, हे खरे आहे का? आमच्या बारा पिल्लांपैकी तीन चौथ्या दिवशी गेली. टर्की मुळात बुद्धीने मंद असतो, असे अनेकांनी सांगितले.

उत्तर: दाण्याशेजारी पिल्ले मरतात हे खरे आहे, पण त्याचे कारण मंदपणा नाही. अंड्यातील बलक पोटात शिल्लक असल्याने पिल्लू पहिले दोन-तीन दिवस न खाताही तगते, आणि ज्याने या काळात खायला सुरुवात केली नाही ते तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास मरते. आपली तारीख याच्याशी जुळते. निसर्गात काय टोचायचे हे पिल्लाला आई दाखवते: ती दाणा टोचते, हाक देते, पिल्ले धावतात. ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देण्याच्या पेटीत, आई नसते. शिकवणाराच नाही, तेथे विद्यार्थ्याला मंद म्हणणे मला पटत नाही.

आईची जागा आपण काही प्रमाणात घेऊ शकतो. टर्कीचे पिल्लू चकाकणाऱ्या आणि हलणाऱ्या वस्तूला आपोआप टोचते. म्हणून पाण्याच्या उथळ भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाकाव्यात, म्हणजे गोटी टोचताना चोच ओली होते आणि पिल्लू बुडतही नाही. खाद्यावर हिरव्या पानांचे बारीक तुकडे भुरभुरावेत, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात व एकदा खाद्यात हलकेच बुडवावी. आधीपासून खाणारे चार-पाच दिवसांचे निरोगी टर्कीचे पिल्लू त्यांच्यात ठेवता आले तर त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवून पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करावे. खाद्यात २६ ते २८ टक्के प्रथिने असावीत. कोंबडीच्या पिल्लांचे नेहमीचे स्टार्टर खाद्य त्यांना अपुरे पडते. तळाशी गुळगुळीत कागद अंथरू नये, त्यावर पाय फाकून पिल्ले अधू होतात.

आवाजाकडेही लक्ष द्यावे. बारीक, संथ किलबिल म्हणजे सारे ठीक आहे. उंच, तीव्र, न थांबणारी शीळ म्हणजे पिल्लू एकटे पडले आहे, गारठले आहे किंवा त्याला भावंडे दिसत नाहीत. एकट्या पडलेल्या टर्कीच्या पिल्लाचा आक्रोश कोंबडीच्या पिल्लापेक्षा फार जास्त काळ चालतो.

प्रश्न: आमची एक मादी खुडूक बसली. कोणी जवळ गेले की ती सापासारखी फुसफुसत असे. अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडू लागली, आणि त्यातील दोन तिनेच टोचून मारली. आई असे कसे करते?

उत्तर: आपल्याला धक्का बसला असेल, तरी या मादीला दुष्ट ठरवण्यापूर्वी तिच्या बाजूने घरट्याकडे पाहावे. खुडूक मादीचा नियम साधा आहे: घरट्याजवळ जे काही हलेल त्याला हाकलावे. या नियमाला अपवाद एकच, आणि तो कानांनी ओळखला जातो. वोल्फगांग श्लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बहिऱ्या केलेल्या टर्की माद्यांनी अंडी नीट उबवली, पण बाहेर आलेली स्वतःची पिल्ले टोचून मारली. पिल्लू दिसत होते, पण त्याची किलबिल ऐकू येत नव्हती, म्हणून ते तिच्या लेखी घरट्यात शिरलेला शत्रू होते. मादीला आई बनवते ती पिल्लाची हाक.

आपली मादी बहिरी असेल असे नाही. अशक्त पिल्लू जवळजवळ निःशब्द असते. शिवाय त्या दिवशी आसपास वर्दळ, बडबड, छायाचित्रे काढण्याची घाई असेल तर किलबिल त्यात बुडून जाते आणि आईचा संरक्षणाचा आवेश शिगेला पोहोचतो. पहिल्यांदाच बसलेल्या मादीकडून अशी चूक अधिक होते. पुढच्या वेळी पंचविसाव्या दिवसापासून घरटे आडोशाला, शांत ठेवावे आणि अंडी हलवून पाहण्याचा मोह आवरावा. अंड्यातील पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच आवाज करू लागतात आणि मादी त्यांना हलक्या स्वरात उत्तर देते. हा संवाद मोडू नये. बाहेर उबवलेली पिल्ले तिच्याखाली ठेवायची असतील तर रात्री, अंधारात, एकेक करून सरकवावीत, म्हणजे ती त्यांना पाहण्यापूर्वी ऐकते. तरीही पुढच्या खेपेला तिने पिल्ले मारली, तर तिची अंडी दुसऱ्या मादीखाली द्यावीत.

दोन माद्या एकाच घरट्यात बसल्याची तक्रार आणखी दोन वाचकांनी केली आहे. टर्कीत हे नेहमीचे आहे आणि त्या पिल्लेही कधीकधी मिळून वाढवतात. अंडी फुटू लागली तरच त्यांना वेगळे करावे.

प्रश्न: पाऊस पडू लागला की टर्की चोच उघडी ठेवून आकाशाकडे पाहतो आणि बुडून मरतो, हे खरे आहे का?

उत्तर: नाही. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे वरचे काही न्याहाळताना तो मान कलती करून एका डोळ्याने पाहतो. घारीवर लक्ष ठेवण्याची ही पद्धत आहे. काही पक्ष्यांत मानेचे स्नायू आखडून डोके अर्धा मिनिट किंवा अधिक काळ वर खिळून राहण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. अमेरिकेतील ओरेगन स्टेट विद्यापीठाचे टॉम सॅव्हेज यांनी त्याचा अभ्यास केला आहे. बहुधा अशाच पक्ष्यांना पाहून ही कथा जन्मली असावी. पावसात मरतात ती अंगावर पुरती पिसे न आलेली पिल्ले, आणि ती गारठून मरतात.

प्रश्न: आमच्या दोन माद्यांच्या पाठीवरची पिसे गेली आहेत. इतर पक्षी उपटतात की नर?

उत्तर: जागेवरून ओळखता येते. खांद्यांपासून पाठीच्या मध्यापर्यंत पिसे गेली असतील आणि कातडीवर ओरखडे असतील तर ती नराच्या नखांची कामगिरी आहे. टर्कीचे मीलन कोंबड्यासारखे क्षणात उरकत नाही, नर बराच वेळ मादीच्या पाठीवर पाय रोवून उभा असतो. एका नरामागे दोन-तीनच माद्या असतील तर त्याच त्या मादीला पुन्हापुन्हा हे सोसावे लागते, म्हणून पाच-सहा किंवा अधिक माद्या असाव्यात, नराच्या नखांची टोके घासून बोथट करावीत आणि मादीच्या पाठीवर जाड कापडाचे आवरण बांधावे. जखम कापडाखाली झाकण्यापूर्वी बरी होऊ द्यावी.

शेपटीच्या मुळाशी आणि पंखांवर पिसे गेली असतील तर ते उपटणे आहे, आणि ते रागाने केलेले नसते. डोक्यावर मारलेली चोच भांडणाची असते, पिसावर मारलेली चोच बहुतेक वेळा अन्न शोधण्याची असते, जी शोधायला दुसरे काही नसल्यामुळे शेजाऱ्याकडे वळलेली असते. टर्कीला अतिनील प्रकाश दिसतो आणि कोवळ्या पिसांवर त्या प्रकाशात उठून दिसणाऱ्या खुणा असतात, असे संशोधनात आढळले आहे. आपल्याला साधे दिसणारे पीस त्यांना टोचावेसे वाटते ते त्यामुळे. बंदिस्त जागेत पेंढा, टांगलेल्या पालेभाज्या, नजर अडवणारे आडोसे आणि शक्य तितका सूर्यप्रकाश दिला तर हे उपटणे बरेच कमी होते.

प्रश्न: आमचे टर्की खुराड्यात झोपत नाहीत. छपरावर किंवा झाडावर जाऊन बसतात.

उत्तर: रानटी टर्की रात्र झाडावरच काढतो, तेव्हा बंद, बुटके आणि अंधारे खुराडे त्याला सापळ्यासारखे वाटते. त्याला उंच छताचा, एका बाजूने जाळीचा, मोकळ्या हवेचा निवारा आवडतो. आत चार-पाच सेंटिमीटर रुंदीचे, कडा गोल केलेले मजबूत दांडे सर्व एकाच उंचीवर बसवावेत. कमी-अधिक उंचीवर बसवले तर सर्वांत वरच्या दांड्यासाठी रोज सायंकाळी भांडण होते. रुंद छातीच्या, वजनदार जातींसाठी दांडे गुडघ्याएवढ्या उंचीवरच असावेत, कारण उंचावरून उडी टाकताना त्यांचे पाय दुखावतात. पहिले पंधरा दिवस सूर्यास्तापूर्वी अर्धा तास आत दाणे टाकून, आत मंद दिवा ठेवून त्यांना बोलवावे, सारे आत आल्यावर दार लावावे आणि मगच दिवा मालवावा.